वीस शब्दांची परवानगी

डॉक्टरांनी शब्दांचा आकडा सांगितला नव्हता; 'शक्य तितकं कमी बोला' एवढंच ते म्हणाले होते. वीस हा आकडा आईचा. दुपारी सव्वा वाजता जेवणाची ताटं उचलताना तिने तो जाहीर केला. गच्चीवर जायचं तर खुशाल जा, पण शब्द वीस. एकविसावा कानावर आला तर ती वर येऊन मेन स्विच पाडणार होती, आणि आई असल्या बाबतीत पोकळ धमक्या देत नाही.

बाबांनी मान डोलावली. पाच वाजता त्यांना हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्यांचं स्वरयंत्र काढणार होते. अर्धं नाही, सगळं. गाठ इतकी वाढली होती की श्वासाची वाट पेन्सिलीएवढी उरली होती. मोठ्याने बोलू नका, धूर घेऊ नका, खोकला येईल असं काही करू नका, आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला तर पाचची वाट न बघता तडक या, असं बजावून ठेवलं होतं. गेले आठ दिवस आई आणि मी घरात वावरताना एक कान त्यांच्या श्वासाकडे ठेवून होतो. ते झोपले की जास्तच.

सर्जनने आम्हाला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. आधी नाकातोंडातून फुप्फुसांकडे जाणारी नळी. शेजारी तीच नळी वळवून मानेच्या पुढच्या बाजूला एका भोकाशी शिवलेली. बाबांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि खाली लिहिलं, 'म्हणजे तोंडात हवा येणारच नाही?' सर्जन म्हणाले, नाही, हवेचा आणि तोंडाचा संबंध संपला. बाबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. घरी आल्यावर त्यांनी पाटी घेतली आणि मला विचारलं, दाखल व्हायच्या दिवशी चंद्र माथ्यावर किती वाजता येतो?

बाबा चौदा वर्षं जहाजांवर रेडिओ ऑपरेटर होते. सुट्टीवर आले की ते फाटकातूनच 'अगंऽऽ' अशी एक लांब हाक मारायचे, आणि आई जिथे असेल तिथून 'आले' म्हणायची. मला वाटतं त्या दोघांचं निम्मं बोलणं एवढंच होतं. जहाजांवरचा मोर्स बंद झाला तेव्हा ते कायमचे घरी आले, वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि हौस म्हणून गच्चीवर पाच मीटर रुंदीची डिश बांधली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या बारीक जाळीची. आमची लाट वीतभर लांबीची. अर्ध्या बोटाएवढी भोकं तिला दिसतच नाहीत, जाळी तिला पत्र्यासारखीच. आई त्या डिशला परात म्हणते. या परातीतून बाबा चंद्राकडे मोर्सची टिंबं आणि रेघा पाठवायचे. चंद्रावर आपटून त्या अडीच सेकंदांनी परत यायच्या, फुसफुशीत आवाजाच्या मागे कुठेतरी, भिंतीपलीकडे कुणी शीळ घालावी तशा. अकरा वर्षं हे चाललं होतं. बोललेला आवाज मात्र त्यांनी कधी पाठवला नव्हता. मोर्समध्ये सगळी शक्ती एका बारीक सुरात एकवटते. बोलण्यात ती पसरते आणि परत येईस्तोवर हाती काही लागत नाही. बोलणं म्हणजे विजेची उधळपट्टी, असं त्यांचं मत होतं. ते त्यांनी घरातही पाळलं, असं आईचं म्हणणं.

आता त्यांना आवाज पाठवायचा होता. मी भौतिकशास्त्र शिकले आहे, त्यामुळे मला राहवलं नाही. लाटेवर टिंबं चढवलीत की माणसाचा आवाज, लाटेला त्याचं काही नसतं, ती तशीच जाते, हे मी त्यांना ऐकवलं. शिवाय महिन्यापूर्वी मी त्यांचा चार तास आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता, पुढे संगणकाकडून बोलवून घेता यावं म्हणून. त्यांनी तो एकदा ऐकून बंद केला होता. पाटीवर लिहिलं, 'हा डब्यातला.' मग त्याखाली, 'तिथे हवा नाही. तरी जातो का, ऐकायचंय.' जातो हे तुम्हाला माहीत आहे, मी म्हटलं. त्यांनी 'ऐकायचंय'खाली रेघ मारली.

तेव्हा मी गणित मांडलं. समोरच्या इमारतीआडून चंद्र दोन वाजता मोकळा होणार होता आणि तीन वीसला शेजारच्या पाण्याच्या टाकीमागे जाणार होता. एक तास वीस मिनिटं. चार वाजता निघायचं. आईचा धाकटा भाऊ, आमचा मामा, गाडी घेऊन येणार होता.

दोनला पाच मिनिटं असताना आम्ही वरच्या खोलीत होतो. ही गच्चीला लागून असलेली छोटी खोली. टेबलावर रेडिओ, त्याखाली अँप्लिफायर, दाराच्या फटीतून बाहेर जाणाऱ्या केबली. चंद्र दिसत नव्हता. तीन दिवसांची कोर, त्यात टळटळीत ऊन. पण तो कुठे आहे हे कोष्टकात होतं, आणि मी गच्चीवर जाऊन दोन हँडलं फिरवून परात त्या आकड्यांवर आणली. दर पाच मिनिटांनी ती थोडी थोडी सरकवावी लागते. चंद्र थांबत नाही.

मायक्रोफोन मी आदल्या दिवशी जोडला होता. जहाजावरचा जुना, बाजूला बटण असलेला. बटण दाबलं की रेडिओ पाठवतो, सोडलं की ऐकतो. मी सगळं तपासलं होतं, निदान मला तसं वाटत होतं.

बाबांनी माईक तोंडाशी नेला, बटण दाबलं आणि त्या खरखरीत, वाऱ्यावर कागद फडफडावा तशा आवाजात म्हणाले, "एक, दोन, तीन."

बटण सुटलं. अडीच सेकंद. काही नाही. पण नुसतं काही नाही असं नव्हतं. स्पीकरमधला फुसफुसाट बदलला होता. आधी तो धो धो होता, आता नळ जेमतेम सोडल्यासारखा. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी माईकच्या वायरवर बोट ठेवलं आणि ते बोट हळूहळू वायरीवरून पुढे नेत गेले, रेडिओच्या मागे, जिथे ती थेट रेडिओत शिरत होती. तिथे त्यांचं बोट थांबलं.

परातीच्या मध्यभागी एका दांड्यावर काडेपेटीएवढा पत्र्याचा डबा आहे. त्याला आम्ही कान म्हणतो. चंद्रावरून येणारं जे काही असतं ते तिथे पहिल्यांदा मोठं केलं जातं. पाठवलेल्या शक्तीतला परत येणारा वाटा लिहायचा तर शून्य, दशांशचिन्ह आणि पुढे आणखी वीसेक शून्यं लिहावी लागतात. एवढं बारीक ऐकणारा कान नाजूकच असणार. त्याच्या शेजारून अँप्लिफायरची शक्ती बाहेर पडते तेव्हा तो बंद नसेल तर क्षणात जळतो. म्हणून खोलीत आणखी एक डबा आहे, त्याचं नाव दरवान. तो आधी कान बंद करतो, मग तोंड उघडू देतो. आणि नंतर उलट. अकरा वर्षं घरात फक्त मोर्सची ठोकायची किल्ली वापरली गेली होती आणि किल्लीची वायर दरवानातून जात होती. माईक या घराने कधी पाहिलाच नव्हता. मी तो सरळ रेडिओत खुपसला. दरवान बाजूला बसून राहिला आणि बाबांनी आपल्याच आवाजाने आपला कान जाळला.

चूक माझी आहे, मी म्हटलं. त्यांनी पाटी घेतली नाही. माझं मनगट धरलं आणि त्यावर बोटाने ठोकलं. आखूड ठोका म्हणजे टिंब, दाबून धरलं की रेघ. मला मोर्स शाळेच्या आधीपासून येतं, ते मला टिंबू म्हणतात ते त्यामुळेच. त्यांनी ठोकलं: 'खण. डावा. औषधाची बाटली.'

बाटलीत कापसात एक ट्रान्झिस्टर होता. मोहरीच्या दाण्याएवढा, चार पाय. एकच.

दोन वाजून बारा मिनिटं झाली होती. मी परात खाली वाकवली, शिडीचा घोडा लावून चढले, कान सोडवून आणला आणि टेबलावर भिंगाखाली ठेवला. एरवी हे काम बाबांचं. असल्या कामात त्यांचा हात कधी चुकला नव्हता. पण सोल्डरिंगला धूर येतो, आणि धूर म्हणजे खोकला, आणि खोकला म्हणजे काय ते आम्हाला दोघांना ठाऊक होतं. मी त्यांना खिडकीपाशी बसायला सांगितलं. ते बसले नाहीत; पंखा माझ्या बाजूने बाहेर लावला, ओला रुमाल नाकातोंडावर बांधला आणि माझ्या मागे उभे राहिले, उजवं बोट माझ्या खांद्यावर.

असल्या ट्रान्झिस्टरचा धुराहून मोठा शत्रू म्हणजे अंगावरची वीज. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही तो मरतो. मी मनगटाला तांब्याची तार बांधून तिचं दुसरं टोक पाण्याच्या पाइपाला गुंडाळलं. जळालेला ट्रान्झिस्टर काढला. नवा चिमट्यात धरला. पहिला पाय चिकटला. खांद्यावर ठोका आला: 'सावकाश.' दुसऱ्या पायाशी चिमटा घसरला. खांद्यावर काही ठोकलं गेलं नाही, बोट नुसतं टेकून राहिलं, आणि मी पाय पुन्हा जागेवर आणेपर्यंत तसंच राहिलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मामा दारात आला. मामा फर्निचरच्या गोदामाची व्हॅन चालवतो. चारला बोलावलं की अडीचला येतो. अंगात नायलॉनचं जाकीट.

"मामा, तिथेच थांब."

त्याने एक पाय उचललेला तसाच ठेवला. मी न वळता त्याला सांगितलं की जाकिटाची वीज, आत येऊ नकोस. तो उंबऱ्याबाहेर बसला आणि थोड्या वेळाने, गप्प बसणं त्याला जमत नसल्याने, विचारू लागला. चंद्रापर्यंत मध्ये काय असतं? मी म्हटलं, काही नाही. हवा? शंभरेक किलोमीटर गेलं की नसल्यातच जमा. मग पुढे? पुढे काही नाही. त्याला ते पटेना. पाण्याची लाट पाण्यावर चालते, आवाज हवेवर चालतो. मग ही कशावर चालते?

मोठमोठ्या लोकांनाही हाच प्रश्न पडला होता, तिसऱ्या पायाला डाग देत मी म्हणाले. सगळ्या अवकाशात काहीतरी भरलेलं असणार असं त्यांनी धरून चाललं, त्याला नावही दिलं, आणि पुढे ते शोधायला गेले तर सापडलं नाही. मग मी त्याला त्याच्याच आवारातलं उदाहरण दिलं. चिखल झाला की त्याचे हमाल दोन फळ्या घेऊन चालतात. एका फळीवर उभं राहायचं, दुसरी पुढे टाकायची. तिच्यावर जायचं, मागची उचलून पुढे टाकायची. लाटेत अशाच दोन फळ्या असतात, एक विजेची, एक चुंबकाची. विजेचा जोर बदलला की त्यातून चुंबकाचा जोर उभा राहतो, तो बदलला की पुन्हा विजेचा. एकमेकांना पुढे टाकत जातात. खाली जमीन लागत नाही.

मामाने दोन्ही तळवे आळीपाळीने एकापुढे एक ठेवून पाहिले. "म्हणजे रस्ता सोबत घेऊनच निघायचं," तो म्हणाला.

माझ्या खांद्यावर बाबांनी ठोकलं: 'याला शाळेत नापास का करायचे?' मला हसू आलं आणि चौथा पाय जवळजवळ हुकला. जवळजवळ.

कान परत जागेवर चढवून मी परात आकड्यांवर आणली तेव्हा दोन वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती. मी घोड्यावरून उतरायच्या आधीच खोलीतून आवाज आला. धो धो. मामा दारातून ओरडला की हे काहीतरी बिघडलंय. नाही, मी म्हटलं, हे बरं झालंय.

माईक आता दरवानातून न्यायचा तर नीट वायरिंग करायला अर्धा तास हवा होता. तो नव्हता. मी माईकचं बटण कायमचं बाद केलं आणि पाठवण्याचं काम जुन्या मोर्सच्या किल्लीकडे दिलं. मी किल्ली दाबून धरायची, दरवान कान बंद करेल, बाबा बोलतील, मी किल्ली सोडेन. फक्त बोलणं दोन सेकंदांत संपलं पाहिजे. जास्त लांबलं तर पहिला शब्द चंद्रावरून परत येईल तेव्हा आमचा कान बंदच असेल.

आधी बाबांनी मोर्स पाठवून पाहिला. तीन टिंबं. सोडलं. एक, दोन, आणि अर्ध्यावर, फुसफुसाटाच्या तळाशी, तीन टिंबं. नेहमीपेक्षा बारीक, पण तीच. मामा उभा राहिला होता. हे तिकडून आलं? मी मान हलवली. बाबांनी माईक उचलला.

"एक, दोन, तीन."

किल्ली सोडली. अडीच सेकंद. फुसफुसाट. आणखी एक सेकंद, दोन, जणू आवाज उशिराने येणार होता. प्रकाशाच्या वेगाला उशीर होत नसतो हे मला कळत होतं, तरी मी थांबले. काही नाही.

परात सरकवली. पुन्हा. "एक, दोन, तीन, चार." काही नाही.

आई दोनपासून मधूनमधून जिन्यात येऊन कानोसा घेत होती, ते मला कळलंच नव्हतं. आता ती दारात होती, उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर. दहा झाले, ती म्हणाली. मग बाबांना म्हणाली, "अहो, आयुष्यभर बोलायला तुम्हाला सवड नव्हती. आता वीस शब्द दिले, तर त्यात आकडे मोजताय?" आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाटी शोधली. पाटी मामाच्या मांडीखाली होती. ती मिळेपर्यंत आई थर्मास भरायचाय म्हणत खाली निघून गेली होती.

तीन वाजून सहा. मी काय चुकलं ते शोधत होते आणि चुकलं काहीच नव्हतं. मोर्स जाऊन येत होता. म्हणजे रस्ता मोकळा होता. आवाज येत नव्हता, कारण बाबांच्या आवाजात आवाज कमी आणि वारा जास्त होता. वाऱ्याला सूर नसतो. तो सगळीकडे पसरतो, आणि परत आल्यावर फुसफुसाटात फुसफुसाटासारखाच मिसळतो. हे मी मोठ्याने म्हटलं असावं, कारण मामाने विचारलं, म्हणजे जोरात बोलायला पाहिजे? जोर नाही, मी म्हटलं, सूर. एकच सूर, लांब.

"मग हाक मारा ना," मामा म्हणाला. त्यांच्या गोदामात आवार एवढं मोठं की टोकाच्या माणसाला कुणी नावाने बोलावत नाही. नाव निम्म्यात विरतं. नुसती लांब हाक घालायची. ती पोचते.

बरोबर होतं ते. लांबवलेल्या स्वरात शक्ती मोजक्या सुरांत गोळा होते. मोर्ससारखीच, थोडी ढिली. पण हाक म्हणजे जोर. दोन महिन्यांत बाबांनी हाक मारली नव्हती. आईला बोलवायचं असलं की ते गच्चीच्या कठड्यावर चमचा वाजवायचे. त्यांच्या आवाजातला जो थोडा सूर शिल्लक होता तो आता दाबून, ताण देऊनच बाहेर काढावा लागला असता.

मी त्यांच्या श्वासाकडे कान दिला. फुसफुसाट कमी केला आणि पुन्हा दिला. श्वास घेतानाच्या शेवटाला एक बारीक रेघ होती. शिट्टी म्हणता आली नसती. शिट्टी नाही असंही म्हणता आलं नसतं.

मी किल्लीवरचा हात काढला. बाबा, राहू द्या, मी म्हटलं. मोर्स आला ना. तुमच्याच हाताचा होता. आता निघू, लवकर पोचलेलं बरं.

त्यांनी घाई केली नाही. खिशातून सर्जनचा कागद काढला, उलगडला आणि टेबलावर माझ्यासमोर सरळ केला. दोन माणसांची दोन डोकी, एकात नळी तोंडापर्यंत, दुसऱ्यात मानेपर्यंत. मग त्यांनी माझा हात धरून परत किल्लीवर ठेवला आणि मनगटावर ठोकलं: 'एकदाच. मग तू म्हणशील तसं.'

तीन वाजून चौदा. मी बाहेर जाऊन परात शेवटची सरकवली. टाकीची कड तिच्या रोखापासून दोन बोटांवर आली होती. चंद्र माथ्यावरून ढळून आता आमच्यापासून दूर जात होता, त्यामुळे परत येणारा सूर थोडा खाली उतरणार होता. कोष्टकातला आकडा बघून मी रेडिओचं बटण तेवढं खाली आणलं. हेडफोन बाजूला ठेवला आणि स्पीकर पूर्ण मोठा केला. ऐकायचंच तर तिघांनी ऐकावं. मामाला सांगितलं की मी हात वर केला तर प्रश्न न विचारता बाबांना उचलून गाडीत घालायचं. त्याने जाकीट काढून ठेवलं आणि चावी हातात घेतली.

बाबांनी रुमाल सोडला. तीन-चार लहान श्वास घेतले, मग एक मोठा. रेघ ऐकू आली. मी किल्ली दाबली. दरवानाचे दोन खटके, एकामागोमाग एक.

"अगंऽऽऽ"

आवाज नव्हताच तो. घोगरा, घासलेला, मधेच तुटून परत लागलेला एक सूर, या खोलीतून समोरच्या भिंतीपर्यंतही धड न जाणारा. त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या. दीड सेकंद. मी किल्ली सोडली. खटके उलटे वाजले आणि फुसफुसाट उसळून खोलीभर झाला.

बाबा वाकले. दोन्ही हात टेबलावर. त्यांच्या छातीत खोकला येऊन अडकलेला मला दिसत होता आणि ते तो येऊ देत नव्हते. माझा हात अर्धा वर गेला होता. मामा एक पाऊल आत आला.

आणि स्पीकरमधून, फुसफुसाटावर तरंगत, कडा झिजलेली, पण सबंध, हाक आली. अगंऽऽऽ.

हाक दारातून गच्चीवर गेली, जिन्यात उतरली, आणि खालून, स्वयंपाकघरातून, भांड्यावर झाकण ठेवल्याच्या आवाजाबरोबर उत्तर आलं.

"आले, आले. ओरडू नका म्हटलं ना!"

बाबांनी डोकं वर केलं. श्वास घेतला; रेघ होती, पण मघाचीच, वाढलेली नव्हती. खोकला गेला होता कुठेतरी. ते माझ्याकडे बघत नव्हते, रेडिओकडेही नाही. ते जिन्याकडे बघत होते, जिथे आता पावलं चढत होती.

गच्चीवरच्या खोलीपासून स्वयंपाकघर अठरा पायऱ्या आहे. दोन महिने त्यांचा आवाज तेवढा उतरला नव्हता. आज तो सात लाख अठ्ठावन्न हजार किलोमीटर फिरून उतरला होता, त्यातले जवळजवळ सगळे जिथे हवा नाही अशा ठिकाणचे.

आई थर्मास हातात घेऊन दारात आली. काय हवंय, कशाला हाक मारलीत, डॉक्टरांनी काय सांगितलंय, हे सगळं तिने एका दमात विचारायला सुरुवात केली आणि निम्म्यावर थांबली. तिने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग अजून धो धो वाजणाऱ्या स्पीकरकडे. दोन महिन्यांत खालून आपण 'आले' म्हटलं नव्हतं, हे तिला तेव्हा आठवलं असावं. बाबांनी बोट उचललं आणि दारातून बाहेर, परातीच्या वर, रिकाम्या दिसणाऱ्या आकाशाकडे दाखवलं.

आईने तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. मामा काहीतरी सांगायला गेला, फळ्यांचं असावं, पण मी त्याचा दंड धरला.

मग तिने थर्मास डाव्या हातात घेतला, उजव्या हाताचा अंगठा पेरावर एक घर पुढे सरकवला आणि बाबांच्या खांद्यावरचा रुमाल नीट केला.

"अकरा झाले," ती म्हणाली. "नऊ उरलेत. ते गाडीत माझ्याशी बोला."